नाशिक रोड ते त्र्यंबक, दुखरे गुडघे आणि भरलेली बस: कसं जमवायचं?

जेलरोडची लेक

आई ७१ वर्षांची आहे. दोन्ही गुडघे दुखतात, उजवा जास्त. दर सोमवारी ती त्र्यंबकला जाते. नाशिक रोडच्या बिटको चौकातून शहर बसनं सीबीएस, म्हणजे मध्यवर्ती बस स्थानक, आणि तिथून त्र्यंबकची गाडी. सोबत कोणी नसतं. रिक्षानं एवढं लांब जाणं परवडत नाही आणि तिला ते नकोही आहे. तिची तक्रार एकच: चढताना मागून ढकलतात, बसायच्या आत गाडी हलते, उतरताना दारात रेटारेटी. श्रावणात तर विचारायलाच नको.

चढण्या-उतरण्याची काही पद्धत आहे का? बसावं कुठं? सवलतीचं तिकीट कुठल्या गाडीत चालतं? मागच्या वेळी एका गाडीत अर्धं तिकीट मिळालं आणि दुसऱ्या गाडीत पूर्ण घेतलं, ती गोंधळून गेली. आणि जागा मागायची तर कशी? तिला संकोच वाटतो.

उपनगर थांबा

ताई, आधी गुडघ्याचं सांगतो. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. आईंचा उजवा जास्त दुखतो, म्हणजे चढताना डावा पाय पायरीवर आणि उतरताना उजवा पाय खाली. चढताना अंग उचलायचं काम वरच्या पायाला असतं आणि उतरताना अंग पेलायचं काम वर राहिलेल्या पायाला. दोन्ही वेळा ते काम बऱ्या गुडघ्याकडे जायला हवं. हे घरच्या जिन्यावर आठवडाभर केलं की पायाला आपोआप वळण लागतं. बसच्या दारात उभं राहून आठवत बसायला वेळ नसतो.

दुसरं, दोन्ही हात मोकळे हवेत. पिशवी हातात नको, खांद्यावरून तिरकी अडकवायची आणि पुढे पोटावर घ्यायची. साडी असेल तर बस यायच्या आधीच निऱ्या थोड्या वर खोचून घ्याव्यात, नाहीतर एक हात निऱ्या सावरण्यातच अडकतो आणि दांडा एकाच हाताला उरतो. पावसात छत्री मिटून पिशवीत. कोपरात लटकवलेली छत्री दाराच्या दांड्यात हमखास अडकते. पायरीच्या कडेला पत्र्याची पट्टी असते, ती ओली झाली की गुळगुळीत होते. पाऊल पट्टीवर नाही, आत टाकायचं, टाच पूर्ण टेकेल असं.

तिसरं, दाराच्या समोर गर्दीत उभं राहू नये. दाराच्या बाजूला, दांडा हाताला लागेल असं उभं राहावं आणि पहिला लोंढा आत जाऊ द्यावा. मग कंडक्टरला मोठ्यानं सांगायचं, "दादा, गुडघा दुखतो, बसल्यावर डबल द्या." एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. मागे काय चाललंय ते ड्रायव्हरला नीट दिसत नाही, तो घंटीवर गाडी काढतो. कंडक्टरला कळलं की तो थांबतो. कोणी सांगितलंच नाही तर शेवटचा माणूस पायरीवर चढला की तो डबल देऊन मोकळा होतो, कारण त्याला पुढच्या थांब्याची वेळ गाठायची असते.

बसायला दाराजवळची पहिली जागा सगळ्यात सोयीची. उतरताना चालायला लागत नाही.

टप्प्याटप्प्यानं

सवलतीचा गोंधळ पुष्कळांचा होतो आणि त्याला कारण आहे. नाशकात शहर बससुद्धा वर्षानुवर्षं एसटीच चालवायची. ८ जुलै २०२१ पासून महापालिकेच्या कंपनीची सिटीलिंक सुरू झाली. लोकांच्या डोक्यात मात्र बस म्हणजे एसटीच. त्र्यंबकला सिटीलिंकही जाते आणि एसटीही, म्हणून तिथं चूक सर्वात जास्त होते.

महिलांना अर्धं तिकीट ही १७ मार्च २०२३ पासूनची एसटीची सवलत आहे. एसटीच्या गाडीत, राज्याच्या हद्दीत. शहर बसला ती लागू नाही, सिटीलिंकचे पास आणि सवलती वेगळ्या आहेत. म्हणजे बिटको ते सीबीएस एक हिशेब आणि सीबीएस ते त्र्यंबक एसटीनं गेलं तर दुसरा. चढण्याआधी गाडीवरचं नाव वाचायचं. फक्त "त्र्यंबक" ही पाटी बघून चढलं की असं होतं.

ज्येष्ठांचं: एसटीत ६५ ते ७५ वयाला निम्मं भाडं आणि ७५ च्या पुढे मोफत. आई ७१ च्या आहेत आणि महिलाही आहेत, पण दोन सवलती एकावर एक चढत नाहीत. अर्धं ते अर्धंच. ७५ नंतर मोफत झालं तरी तिकीट घ्यावंच लागतं, शून्य रुपयाचं. ते हातात नसेल तर तपासनीसाच्या लेखी तो प्रवासी विनातिकीट. वयासाठी आधार कार्ड जवळ असू द्या.

सुट्या पैशांचं: एसटीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्यावर ठरतं, त्यामुळे टप्प्याच्या अलीकडे उतरलं म्हणून पैसे कमी होत नाहीत. जाण्याचे आणि येण्याचे नेमके पैसे घरूनच दोन वेगळ्या कप्प्यांत ठेवायचे. फोनवरून पैसे देता येतात, पण भरलेल्या गाडीत रेंज गेली की कंडक्टर आणि प्रवासी दोघंही अडकतात, म्हणून थोडी रोख हवीच. सुटे नसले की कंडक्टर तिकिटाच्या मागे बाकी रक्कम पेननं लिहून देतो. ते पैसे उतरायच्या आधी दोन थांबे मागायचे. दारात मागितले तर तुम्हीही अडता आणि मागची रांगही.

तिकीट हातात आल्यावर तीन गोष्टी पाहायच्या: कुठून कुठे, किती जण, पूर्ण की अर्धं. चूक तिथल्या तिथे दुरुस्त होते, पुढच्या थांब्यानंतर कटकट होते. आणि खाली उतरून थांब्याच्या बाहेर पडेपर्यंत ते टाकू नका, तपासणी खालीही होते.

पंचवटी कारंजा

वरच्या सगळ्याशी सहमत, एक सोडून. दाराजवळची पहिली जागा नको. चढणारा-उतरणारा प्रत्येक जण तिथं घासून जातो, पिशव्या नेमक्या गुडघ्यांवर आदळतात. चाकावरची जागाही टाळायची. तिथं पायाखाली उंचवटा असतो, गुडघे छातीपर्यंत दुमडून बसावं लागतं आणि उठताना ते सरळ होत नाहीत. मागच्या चाकांच्या मागे तर मुळीच नको. गाडीचा मागचा भाग चाकांच्या बाहेर असतो, खड्डा आला की सगळी उसळी तिथं येते. पुढची आणि मागची चाकं यांच्या मधली, वाटेकडेची जागा घ्यायची. तिथं दणका सर्वात कमी आणि दुखरा पाय थोडा लांब करता येतो. आईंचा उजवा पाय दुखतो, म्हणून उजवीकडे वाट येईल अशी, म्हणजे गाडीच्या डाव्या बाजूची सीट.

जागा मागण्याचं. "कुणी जागा देईल का?" असं सगळ्या गाडीला उद्देशून विचारलं की कोणीच उठत नाही, प्रत्येकाला वाटतं दुसरा उठेल. एकाच माणसाकडे बघून, एकाच वाक्यात: "बाळा, गुडघा दुखतो, बसू दे का?" बहुतेक जण लगेच उठतात. राखीव सीट असेल तर खिडकीच्या वर लिहिलेलं असतं, ते दाखवायलाही हरकत नाही. तो हक्क आहे, उपकार नाही. संकोच आईंनी करायचा नाही.

आणि बाकीच्यांनी, आपण सगळ्यांनी, दार मोकळं सोडायला शिकलं पाहिजे. पुढच्या थांब्यावर उतरायचं नसेल तर दारात उभं राहू नका, मधे आत सरका. पाठीवरची सॅक काढून पायाशी ठेवा, पाठीवर असली की एका माणसाची जागा खाते आणि वळताना मागच्याच्या तोंडावर बसते. रामकुंडावरून येणाऱ्यांनी ओले कपडे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आणावेत, सीट भिजली की पुढचे चार जण उभे राहतात. खिडकीतून थुंकलेलं मागच्या खिडकीत येतं. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली म्हणजे ती आपली झाली असं कुठल्याही नियमात नाही, आणि आरक्षणाचा नंबर असलेला आला तर उठावंच लागतं.

जेलरोडची लेक

खूप उपयोगी! डावी-उजवी बाजू कधी डोक्यातच आली नव्हती. परतीचं विचारायचं राहिलं. बिटकोला तिला दारापर्यंत पोचायलाच वेळ लागतो. लवकर उठून उभी राहिली तर ब्रेकला तोल जातो.

उपनगर थांबा

चालत्या गाडीत उठायचंच नाही. परतीला गाडी द्वारका, गांधीनगर, उपनगर, दत्त मंदिर करत बिटकोला येते. उपनगरला कंडक्टरला सांगून ठेवायचं, "बिटकोला उतरणार, वेळ लागेल." दत्त मंदिरला गाडी उभी राहिली की त्या मिनिटात उठून दाराच्या अलीकडच्या सीटवर किंवा खांबापाशी सरकायचं. काही माणसं तिथं उतरतात, वाट मोकळी होते. पुढे बिटकोपर्यंत खांब धरून उभं राहायचं, पण कसं ते महत्त्वाचं: पाय खांद्याएवढे फाकलेले आणि एक पाऊल गाडीच्या तोंडाकडे पुढे. ब्रेक लागला की अंग पुढे जातं, पुढचं पाऊल ते अडवतं. पाय जोडून उभा असलेला माणूस तरुण असला तरी पडतो.

उतरताना डावीकडे मागे एकदा बघायचं. थांब्यावर रिक्षा उभ्या असल्या की बस रस्त्याच्या मधे थांबते आणि दार व फुटपाथ यांच्या मधून दुचाकी घुसतात. खाली पाय ठेवायच्या आधीचं हे एक बघणं सोडू नका.

पहिल्या सीटबद्दल पंचवटीकरांचं पटलं. मधली डावी सीट, आणि दत्त मंदिरला सरकायचं.

सीटवर शालिमार

शेअर रिक्षाबद्दल थोडं, कारण बस चुकली की शहरातल्या शालिमार चौकातून नाशिक रोडला तीच मिळते. बसायच्या आधी विचारायचं, "सीटवर की स्पेशल?", म्हणजे एका जागेचं भाडं की अख्ख्या रिक्षाचं, आणि किती. परवाना तीन प्रवाशांचा असतो, ड्रायव्हरच्या शेजारी बसू नका. गुडघा दुखत असेल तर मधे नाही, उजव्या कडेला बसायचं, म्हणजे कोणी उतरलं तरी सरकावं लागत नाही. मात्र कडेला कोपर आणि पदर आत ठेवायचा.

एक गोष्ट कोणी बोललं नाही. लांबच्या गाडीत बसलं की आपत्कालीन दार कुठं आहे ते एकदा बघून ठेवावं आणि त्याच्यासमोर बोचकी ठेवू नयेत. ८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे नाशकातच औरंगाबाद रस्त्यावर खासगी बसला आग लागून माणसं गेली. तशा वेळी शोधत बसायला उसंत नसते.

आणि पिशवी गाडीत राहिली तर: तिकीट फेकलेलं नसेल तर त्यावरच्या नोंदीवरून गाडी सापडते. एसटीच्या गाडीवर आगाराचं नाव रंगवलेलं असतं, त्या आगारात जायचं. तिकिटाचा कागद उन्हानं आणि घामानं पुसट होतो, म्हणून घेतल्या घेतल्या फोनमध्ये फोटो काढून ठेवा. आईंना फोटो जमत नसेल तर गाडीच्या नंबरचे शेवटचे चार आकडे पाठ करायला सांगा, तेवढ्यावरही काम होतं.