फुटबॉलमध्ये ऑफसाइड ठरवताना सहायक पंचांची नजर कुठे असते?

प्रश्न: पास दिला जातो त्या क्षणी आक्रमक शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या पुढे असेल तर ढोबळमानाने तो ऑफसाइड. मग पास देणाऱ्याचा पाय आणि पुढच्या आक्रमकाची जागा एकाच क्षणी पाहणे सहायक पंचांना खरोखर शक्य असते का?

उत्तर १: पूर्णपणे नाही. नजर एका खेळाडूवरून दुसऱ्याकडे वळते त्या क्षणार्धात डोळ्यांना जवळजवळ काहीच स्पष्ट दिसत नाही आणि तेवढ्यात धावणारा आक्रमक पुढे सरकतो. म्हणूनच शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या रेषेत राहून नजर तिथेच स्थिर ठेवावी आणि चेंडूला पाय लागल्याचे डोळ्यांच्या कडेने टिपावे, हे अधिक भरवशाचे.

उत्तर २: तरीही हलती वस्तू प्रत्यक्षापेक्षा किंचित पुढे भासते, त्यामुळे ऑफसाइडचा झेंडा चुकीने वर जाऊ शकतो.

उत्तर ३: क्रिकेटमध्येही अशीच अडचण होती: पंचांना नोबॉलसाठी गोलंदाजाचा पुढचा पाय पाहून लगेच चेंडूकडे पाहावे लागे. २०२० च्या महिला टी-२० विश्वचषकात पुढचा पाय पाहण्याचे काम तिसऱ्या पंचांकडे सोपवले, ते माझ्या मते योग्यच झाले.