गावाकडचं जुनं घर: कुणाचं होतं, कुणाकडे गेलं?

खेड तालुक्यातला आमचा वाडा यंदा उतरवायचा ठरलाय, म्हणून कागद शोधायला लागलो. सातबाऱ्यासाठी तीन चकरा झाल्यावर गावातल्या एका म्हाताऱ्यानं सांगितलं, "बाबा, गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. ग्रामपंचायतीत नमुना 8 बघ. मोजणी झाली असंल तर मिळकत पत्रिका." पुण्यातलं आमचं शिक्षण असं कामी आलं! नमुना 8 वर नाव निघालं पणजोबांच्या चुलत्याचं. या माणसाबद्दल आमच्या घरात कुणी अवाक्षर काढत नाही. तुमच्याही घरांचं लिहा. कागद नसला तरी चालेल.

~

आमच्याकडे कागद होता, तोच नडला. जुन्नरकडचं घर पणजोबांना बक्षीस मिळालं, असं ऐकत वाढलो. बळदात पत्र्याच्या डब्यात मोडी कागद सापडला. पुण्यात वाचून घेतला तर निघालं गहाणखत. शेजाऱ्यांनी लेकीच्या लग्नासाठी घर आमच्याकडे टाकलेलं, मुदतीत सुटलं नाही. त्यांचे पणतू आजही समोरच राहतात, गणपतीत आरतीला येतात. वडिलांनी कागद पुन्हा डब्यात ठेवला.

~

चार भाऊबंद, चार कुलपं, एक दिंडी दरवाजा. आणखी काय लिहू?

~

इंदापूर तालुका. उजनी धरण 1980 साली पुरं झालं, आमचं घर पाण्याखाली गेलं. आजोबांनी जोतं तेवढं सोडलं. तुळया, दारं, कडीपाट सगळं बैलगाडीतून आणलं. नव्या गावठाणात खोल्या लहान, म्हणून तुळया कापाव्या लागल्या. ते मात्र त्यांना फार लागलं. उन्हाळ्यात पाणी हटलं की पळसदेवचं देऊळ उघडं पडतं, लोक फोटो काढायला येतात. आजी त्या गर्दीतून वाट काढत आम्हाला आपल्या चुलीची जागा दाखवायची.

~

मालक नसलेल्यांनी लिहिलं तर चालेल ना? आम्ही मावळातल्या एका वाड्याची कुळं. कुळकायद्यानं 1 एप्रिल 1957 ला कसणारा मालक ठरला, वाड्यामागची भातखाचरं आमची झाली. वाडा त्यांचाच राहिला. ते शनिवार पेठेत, किल्ली आमच्या खुंटीला. दर पावसाळ्याआधी आजोबाच तो शाकारायचे. पैसे कुणी मागितले नाहीत, कुणी दिलेही नाहीत.

गेल्या दिवाळीत मालकांची नात आली. सगळीकडे फिरून म्हणाली, "काका, देवघर कुठलं हो?"

दाखवलं. तिथं आम्ही कांदे ठेवतो.