चुका लपवणारी लाईन हातात आलीय, काय करू?

चाकण_शिफ्टवाला
नमस्कार मंडळी. चाकणला ऑटो पार्टच्या कंपनीत आहे, ९ वर्षं झाली, गेल्या महिन्यात मशीन शॉपचा शिफ्ट इन्चार्ज केलंय. हाताखाली २६ जण, त्यातले १७ कंत्राटी. आधीचे साहेब असे की रिजेक्शन (खराब पीस) निघालं की सगळ्यांसमोर आईबापावरून. ते गेले पण पोरं अजून तशीच, सकाळच्या मीटिंगमध्ये खाली मान. परवा रात्री कूलंटच्या टाकीमागे कापडात गुंडाळलेले ११ पीस सापडले, बोअर ओव्हरसाइज, म्हणजे आतलं भोक मापापेक्षा मोठं. कोणी ठेवले ते कळलंय, लातूरकडचा ट्रेनी आहे, हात चांगला आहे त्याचा. बोललो तर घाबरेल आणि नाही बोललो तर बाकीचे म्हणतील चालतंय. मला त्या साहेबांसारखं व्हायचं नाहीये. काय करावं?

भोसरीचा_काका
केबिनमध्ये बोलवू नकोस, तूच मशीनवर जा. आणि "तू काय केलंस" नाही, "कुठल्या पीसपासून बिघडलं" असं विचार. मी एकदा एका ऑपरेटरला टूल तोडलं म्हणून चारचौघात झापलं होतं. दोन महिन्यांनी स्पिंडलचा आवाज बदलला, त्याने ऐकला आणि गप्प बसला, बेअरिंग गेलं तेव्हा मला कळलं. त्याची चूक नव्हती रे, त्याला गप्प मीच केलं होतं.
अमेरिकेत फ्रिमाँटला जनरल मोटर्सचा प्लांट होता, गैरहजेरी २० टक्क्यांच्या आसपास, १९८२ ला बंद पडला. १९८४ ला टोयोटासोबत पुन्हा सुरू केला, माणसं बहुतेक तीच, युनियन तीच, पण अडचण आली की दोरी ओढायची आणि गरज पडली तर लाईन थांबवायची, हा हक्क कामगाराला दिला. गैरहजेरी २-३ टक्क्यांवर आली. दोरी ओढली की टीम लीडर धावत यायचा, आणि तो मदतीला यायचा, खरी गोष्ट ती आहे.

वॉर्ड_नंबर_६
मी नर्स आहे, आमच्याकडेही हेच. एमी एडमंडसन म्हणून हार्वर्डच्या बाई आहेत, त्यांनी नव्वदच्या दशकात हॉस्पिटलमधल्या औषधांच्या चुका मोजल्या. चांगल्या टीममध्ये चुका कमी दिसतील असं वाटलं होतं, निघाल्या जास्त, कारण तिथल्या नर्स न घाबरता सांगत होत्या. त्यामुळे दादा, पहिले काही आठवडे तुमचा आकडा वाढेल, आणि तेव्हा तुम्ही बिथरलात तर पोरं परत कधीच तोंड उघडणार नाहीत. प्लांट हेडना आधीच सांगून ठेवा.

हिंजवडी_रिटर्न
थोडं वेगळं मत. गोड बोलून सगळं होत नाही. रिजेक्शन लिहिलं की कंत्राटी पोराचं काय होतं ते आधी बघा. ठेकेदाराला फोन जात असेल, हजेरी कापली जात असेल तर तुम्ही कितीही प्रेमाने विचारा, पीस टाकीमागेच जाणार. आणि पोराचं नाव वर कळवू नका.

चाकण_शिफ्टवाला
सगळ्यांचे मनापासून आभार, आणि @हिंजवडी_रिटर्न बरोबर बोललात, ठेकेदाराला खरंच फोन जायचा, तो बंद करून घेतला, त्यासाठी प्लांट हेडशी अर्धा तास बोलावं लागलं.
पोराजवळ मशीनवर गेलो. आधी नुसता रडायला आला. मग सांगितलं, आधीच्या शिफ्टने जुना इन्सर्ट (टूलचं कापणारं पातं) घासला म्हणून ऑफसेट (मशीनमधली टूलच्या मापाची सेटिंग) वाढवला होता, रजिस्टरला लिहिलंच नाही, याने नवीन इन्सर्ट टाकला आणि ऑफसेट तसाच राहिला, म्हणून बोअर मोठा. म्हणजे ११ पीसमध्ये अर्धी चूक आमच्या हॅन्डओव्हरची. दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये कोणाचंही नाव न घेता सांगितलं की शिफ्ट बदलताना ऑफसेट बघायची जबाबदारी माझी होती आणि मी बघितला नाही. कोणी काही बोललं नाही.
आज सकाळी रिजेक्शनच्या लाल डब्यात ३ पीस होते, वर चिकटपट्टीने चिठ्ठी, मशीन नंबर आणि वेळ लिहिलेली. त्या पोराचं अक्षर नाहीये ते.