विक्री नव्हे, विक्रीनंतरचं नियोजन बघा

‘चांगले खेळाडू विकणारा फुटबॉल क्लब वर जाऊच शकत नाही’ हे मला पटत नाही. इंग्लंडमधला ब्रेंटफर्ड क्लबच बघा. २०२० मध्ये त्यांनी आपला स्ट्रायकर ओली वॉटकिन्स अ‍ॅस्टन व्हिला क्लबला विकला आणि त्याच्या जागी पीटरबरो क्लबकडून आयव्हन टोनीला आणलं. टोनीने त्या मोसमात दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये ३१ गोल केले आणि २०२१ मध्ये क्लब प्रीमियर लीग या सर्वोच्च श्रेणीत पोचला. वॉटकिन्स जाण्याआधीच त्याच्या जागी कोण, हे ठरलेलं असावं लागतं. सगळी मेख इथेच आहे.

उलटं उदाहरण व्हॅलेन्सिया या स्पॅनिश क्लबचं, आणि ते मला जास्त लागतं. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकाची स्पेन-माली उपांत्य लढत आपल्या नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाली होती. त्यात स्पेनचा तिसरा गोल व्हॅलेन्सियाच्या फेरान टोरेसचा! त्या पोराला २०२० मध्ये क्लबने मँचेस्टर सिटीला विकलं. कर्णधार पारेहोलाही जाऊ दिलं. आणि त्या उन्हाळ्यात नवा खेळाडू एकही विकत घेतला नाही. मोसमाअखेर स्पॅनिश लीगमध्ये तेरावा क्रमांक. पारेहो मात्र विल्यारेआल या दुसऱ्या स्पॅनिश क्लबकडून खेळून त्याच मोसमात युरोपा लीग ही युरोपीय क्लबांची स्पर्धा जिंकला.

दोन्हीकडे खेळाडू विकलेच गेले ना? मग दोष विक्रीला कसा देणार? पैसा मालकाच्या ताळेबंदात जिरतो की पुढच्या टोनीला शोधण्यात लागतो, हे आधी तपासा.