कायम वास्तव्य पुरेसे आहे की नागरिकत्व घ्यावे? सल्ला हवा आहे

धागाकर्ता :
मी गेली सात वर्षे नोकरीनिमित्त परदेशात राहत आहे. सुरुवात वर्क परमिटवर झाली, दोन वर्षांपूर्वी कायम वास्तव्याचा परवाना मिळाला आणि आता नागरिकत्वाच्या अर्जासाठी लागणारी मुदतही भरत आली आहे. देशाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला एखाद्या देशाच्या नियमापेक्षा निर्णय कसा घ्यावा हे समजून घ्यायचे आहे. नोकरी, घर, मुलांची शाळा, औषधोपचार यांपैकी कशातही आज अडत नाही. मग मूळ पासपोर्ट सोडावा लागेल असे पाऊल कशासाठी उचलावे, हा प्रश्न घरात वारंवार निघतो. पुढील काही वर्षांत आईवडिलांजवळ दीर्घकाळ राहायला जावे लागण्याची शक्यताही आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ :
आईवडिलांविषयीचे वाक्य तुम्ही जाता जाता लिहिले आहे, पण माझ्या मते सारा निर्णय त्यावरच अवलंबून आहे. ‘कायम वास्तव्य’ या शब्दांतील ‘कायम’वर फार विसंबू नये. हा परवाना तुम्ही तेथे राहता म्हणून टिकतो. कॅनडात तो राखण्यासाठी पाच वर्षांत ७३० दिवस देशात असावे लागते, ब्रिटनमध्ये सामान्यतः सलग दोन वर्षांहून अधिक काळ बाहेर राहिल्यास तो संपतो, तर जर्मनीत साधारणपणे सहा महिन्यांची अनुपस्थितीही पुरते. अमेरिकेच्या ग्रीन कार्डावर दहा वर्षांची मुदत छापलेली असल्यामुळे अनेकांची गफलत होते. ती मुदत कार्डाची असते, आणि पुनःप्रवेशाचा परवाना आगाऊ न घेता वर्षभराहून अधिक काळ बाहेर राहिल्यास केवळ त्या कार्डाच्या आधारे परतता येईल असे धरून चालता येत नाही. नागरिक मात्र कितीही वर्षांनी परतला तरी त्याला दार उघडावेच लागते. म्हणून मी नेहमीच्या समजुतीच्या उलट सांगेन: ज्याला तेथेच राहायचे आहे त्याचे कायम वास्तव्यावर बऱ्यापैकी भागते, ज्याला मध्येच निघून जावे लागणार आहे, त्यालाच नागरिकत्वाची अधिक गरज असते.

दुसरी अडचण अशी की, लांबच्या मुक्कामामुळे नागरिकत्वासाठी मोजले जाणारे दिवसही बुडतात. कॅनडात अर्जापूर्वीच्या पाच वर्षांत १०९५ दिवसांचे वास्तव्य लागते. ब्रिटनमध्ये पाच वर्षांच्या मार्गाने अर्ज करणाऱ्याची अनुपस्थिती सामान्यतः ४५० दिवसांपेक्षा आणि शेवटच्या वर्षात ९० दिवसांपेक्षा जास्त नसावी. ‘आधी जाऊन येतो, मग अर्ज करतो’ असे ठरवणाऱ्याला कित्येकदा पुन्हा पहिल्यापासून मोजणी करावी लागते.

प्रतिसाद २ :
वरील मत पटते, परंतु मूळ देश दुहेरी नागरिकत्व मानतो की नाही, हे आधी पाहावे. जर्मनीने २७ जून २०२४ पासून जुने नागरिकत्व सोडण्याची अट काढून टाकली. पण नव्या देशाची हरकत नसून उपयोग नाही, जुन्याचीही नसावी लागते. सिंगापूर प्रौढांना दुहेरी नागरिकत्व ठेवू देत नाही. भारतीय नागरिकाने स्वेच्छेने दुसरे नागरिकत्व स्वीकारले, तर १९५५च्या नागरिकत्व कायद्यातील कलम ९नुसार त्याचे भारतीय नागरिकत्व संपते. त्यानंतर मिळणाऱ्या ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डावर आयुष्यभर ये-जा करता येते, मात्र मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. नावात ‘सिटिझन’ असले तरी ते नागरिकत्व नव्हे.

प्रतिसाद ३ :
कराचा मुद्दा राहिला. बहुतेक देश वास्तव्यावरून कर ठरवतात, त्यामुळे तेथे नागरिकत्वाने फारसा फरक पडत नाही. अमेरिका मात्र आपल्या नागरिकांच्या जगभरातील उत्पन्नाचा हिशेब मागते, मग ते कोठेही राहोत. ग्रीन कार्डधारकालाही हाच नियम असल्याने ‘कर नको म्हणून नागरिकत्व घेत नाही’ हा युक्तिवाद तेथे लंगडा पडतो. फरक नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड सोडून बाहेर पडताना जाणवतो, आणि तेव्हासुद्धा मागील १५ वर्षांपैकी किमान आठ वर्षे ग्रीन कार्ड बाळगलेल्याला निर्गमन कराचे नियम लागू होऊ शकतात.

धागाकर्ता :
सर्वांचे आभार. अनुपस्थितीचा मुद्दा मी उलट्याच बाजूने पाहत होतो, हे मान्य करतो. मुलांच्या दृष्टीने काय फरक पडतो? आणि मतदान सोडल्यास रोजच्या व्यवहारात नागरिकाला वेगळे असे काय मिळते?

प्रतिसाद १ :
रोजच्या व्यवहारात फारसे काही नाही, आणि मतदानाचेही सर्वत्र सारखे नाही. न्यूझीलंडमध्ये कायम रहिवासी ठरावीक वास्तव्यानंतर राष्ट्रीय निवडणुकीत मत देतात. फरक संकटात दिसतो. गंभीर गुन्ह्यात शिक्षा झाल्यास कायम रहिवाशाची हद्दपारी होऊ शकते. तिसऱ्या देशात अडकल्यास दूतावासाच्या मदतीचा हक्क पासपोर्टाच्या देशाकडे असतो. तुम्ही जेथे वीस वर्षे कर भरला त्या देशाकडे नसतो.

मुलांबाबत जन्माची वेळ महत्त्वाची असते. ब्रिटनमध्ये जन्मलेल्या मुलाच्या आईला किंवा वडिलांना त्या वेळी कायम वास्तव्य मिळालेले असेल, तर ते मूल जन्मतःच ब्रिटिश नागरिक होते. आधी जन्मलेल्यांची नोंदणी वेगळी करावी लागते. सिंगापूरमध्ये पालकांच्या आधारे कायम रहिवासी झालेल्या मुलग्यांना राष्ट्रीय सेवा (सैन्य, पोलीस किंवा नागरी संरक्षण दलातील सेवा) बंधनकारक असते, तेव्हा ‘फक्त पीआर (कायम रहिवासी) आहे’ म्हणून जबाबदारी टळते असेही नाही.

प्रतिसाद २ :
अर्ज भरण्याआधी सातही वर्षांच्या प्रत्येक प्रवासाच्या जाण्यायेण्याच्या तारखांची यादी तयार करा. मी ती स्मरणाने भरली आणि पासपोर्टवरील शिक्क्यांशी दोन प्रवास जुळेनात. अकरा महिने केवळ पत्रव्यवहारात गेले. विमान तिकिटांचे जुने ईमेल शोधलेत तर बहुतेक तारखा सापडतील.

धागाकर्ता :
यादी करायला घेतली आहे. पहिल्याच वर्षातील एक तारीख आठवत नाही.