गाठीच्या आकारात तिसऱ्याचाही हात

कीटकाची अळी झाडावर फुगीर गाठ करवून घेते आणि तिच्या आत राहते. ही गाठ किती मोठी होणार हे कीटक आणि झाड या दोघांच्या रस्सीखेचीतून ठरतं, असं म्हणतात. अर्धंच पटतं, कारण गाठीतल्या अळीला खाणारे यात आलेच नाहीत. उत्तर अमेरिकेतल्या गोल्डनरॉड या पिवळ्या फुलांच्या रानझाडाच्या खोडावर युरोस्टा माशीची अळी लिंबाएवढी गोल गाठ करवून घेते. गाठ लहान असली तर युरिटोमा या परजीवी गांधीलमाशीची अंडी घालायची नळी आतल्या अळीपर्यंत पोचते. जाड गाठीत ती पोचतच नाही, पण मोठ्या गाठी हिवाळ्यात सुतारपक्षी हेरतो. म्हणजे दोन्ही टोकांना मरण, आणि बचाव मधल्या आकारात! पेनसिल्व्हेनियात अब्राहमसन आणि वाइस या संशोधकांनी हे वर्षानुवर्षं गाठी मोजून दाखवलं.

प्रदेशागणिक गाठींमध्ये फरक पडतो तो इथेच, असं मला वाटतं. पक्ष्यांना झाडी लागते, त्यामुळे रानालगतच्या गाठींवर त्यांचा मारा जास्त, उघड्या माळावर कमी. झाड तेच, माशी तीच, तरी निवडीचा दाब, म्हणजे कोणत्या आकाराची गाठ तगणार हे ठरवणारा रेटा, वेगळा. फोडलेली गाठ बघितलीत तर शिकारी कोण तेही कळतं: सुतारपक्ष्याचं भोक नीट, निमुळतं, चिकडी या छोट्या पक्ष्याचं वेडंवाकडं, कुरतडलेलं.