इव्हानपाहचे मनोरे: बंद करायचे की मीठ भरायचं?

उन्हाड (धागाकर्ता):
कॅलिफोर्नियातल्या मोजावे वाळवंटात, लास वेगसला जाणाऱ्या महामार्गालगत इव्हानपाह नावाचा अवाढव्य सौर औष्णिक प्रकल्प आहे. 140 मीटर उंचीचे तीन मनोरे आणि त्यांच्याभोवती 1,73,500 हेलिओस्टॅट, म्हणजे सूर्यामागे फिरणारे सांगाडे. प्रत्येकावर दोन आरसे. आरसे ऊन मनोऱ्याच्या टोकावरच्या बॉयलरवर फेकतात, वाफ होते, वाफेवर टर्बाइन फिरतं. क्षमता 392 मेगावॅट. खर्च 2.2 अब्ज डॉलर, त्यातल्या 1.6 अब्जांच्या कर्जाला अमेरिकी ऊर्जा खात्याची हमी. फेब्रुवारी 2014 मध्ये थाटात उद्घाटन झालं. तीनपैकी दोन युनिटांची वीज पीजी अँड ई ही कंपनी घेते. करार 2039 पर्यंतचा, पण जानेवारी 2025 मध्ये कंपनीने तो मुदतीआधीच संपवायचं जाहीर केलं.

लगेच 'आरशांवरची वीज हा प्रकारच फसला' म्हणत सगळे हात झटकून मोकळे. मला हे मान्य नाही. सौर उष्णतेचा एकच खरा फायदा आहे, ती स्वस्तात साठवता येते. इव्हानपाहमध्ये नेमकं तेच केलं नाही. दिवसा वीज विकायची, संध्याकाळी गप्प बसायचं. मग दिवसाच्या विजेत साध्या सौर पॅनेलने त्याला लोळवलं यात नवल ते काय? बंद करण्याऐवजी मिठाच्या टाक्या (वितळलेलं मीठ तापवून त्यात उष्णता साठवायची, रात्री तिच्यावर वाफ करायची) जोडायचा विचार व्हावा, असं माझं मत आहे.

हिशेबनीस:
साफ असहमत. मीठ असतं तर काय झालं असतं हे बघायला लांब जायला नको. शेजारच्याच नेवाडात टोनोपाहजवळ क्रेसेंट ड्यून्स हा मनोऱ्याचाच प्रकल्प आहे. 110 मेगावॅट, दहा तासांची मिठाची साठवण, 73.7 कोटी डॉलरच्या कर्जाला सरकारी हमी. तुम्हाला हवं ते सगळं. 2016 मध्ये गरम मिठाची टाकी गळली आणि प्रकल्प कित्येक महिने बंद पडला. 2019 मध्ये वीज कंपनीने करार मोडला, 2020 मध्ये दिवाळखोरी. आता बोला.

चटकचांदणी:
+1 हिशेबनीस. पॅनेल लावा, विषय मिटवा.

उन्हाड:
आणि रात्री?

चटकचांदणी:
बॅटरी. 🙂

टर्बाइनवाला:
टाकी गळली असं सगळे म्हणतात, का गळते ते कोणी सांगत नाही, म्हणून थोडं लिहितो. हे मीठ म्हणजे सोडियम नायट्रेट 60 टक्के आणि पोटॅशियम नायट्रेट 40 टक्के. थंड टाकीत साधारण 290 अंश, गरम टाकीत 565. 'थंड' टाकीसुद्धा हात लावायच्या लायकीची नसते, कारण 240 अंशांच्या आसपास मीठ गोठायला लागतं आणि एकदा पाइपात गोठलं की भोगा कर्माची फळं. म्हणून सगळ्या पाइपांवर विजेच्या तापतारा गुंडाळलेल्या असतात.

आता टाकीचा तळ बघा. वेल्ड करून जोडलेले पोलादी पत्रे पायावर नुसते टेकलेले असतात. तापले की पसरतात, निवले की आकसतात. वरून हजारो टन मिठाचा भार, खालून पायाचं घर्षण. पत्र्याला सरकायचं असतं पण सरकता येत नाही. मग कुठेतरी फुगवटा येतो आणि वेल्डला चीर जाते. ढग आले, पंप बंद-चालू झाले, कमी तापलेलं मीठ आत आलं, की पुन्हा ताण. मोरोक्कोतल्या नूर 3 या मिठाच्या प्रकल्पाची टाकी 2024 मध्ये, चांगली काही वर्षं चालल्यावर गळली.

त्यामुळे उन्हाड, 'टाक्या जोडा' हे म्हणणं सोपं आहे. शिवाय इव्हानपाहच्या मनोऱ्यांवर पाण्याची वाफ करणारे बॉयलर आहेत. मिठासाठी वेगळा रिसीव्हर (मनोऱ्यावरचा ऊन झेलणारा भाग), वेगळे पंप, वेगळ्या नळ्या लागतील. आरसे आणि काँक्रीट तेवढं वापरता येईल.

उन्हाड:
हे नीट समजावून सांगितलंत, आभार. रिसीव्हर बदलावा लागेल हे मान्यच. पण मिठाचं काम अशक्य होतं का? याच मोजावेत, डॅगेटजवळ, सोलर टू नावाचा 10 मेगावॅटचा प्रयोग 1996 ते 1999 मिठावर चालला. स्पेनमध्ये सेव्हिलजवळच्या जेमासोलरमध्ये 15 तासांची साठवण आहे आणि 2013 मध्ये तो सलग 36 दिवस रात्रंदिवस चालला. इव्हानपाहचा आराखडा करणाऱ्यांसमोर सोलर टूचा अनुभव तयार होता. त्यांनी वाफच निवडली. का, तर सुरुवातीचा खर्च कमी दिसतो. ही काटकसर महागात पडली एवढंच माझं म्हणणं.

हिशेबनीस:
जेमासोलर 20 मेगावॅटचा. त्या मापाने इव्हानपाहचा हिशेब करू नका. खरं कारण बाजारात आहे. दहा वर्षांत पॅनेलच्या किमती नव्वद टक्क्यांच्या घरात उतरल्या. पॅनेल कारखान्यात लाखांनी निघतात, मनोरा मात्र दर वेळी नव्याने उभारावा लागतो, म्हणून तो स्वस्त होत नाही. बॅटरीचंही तेच. कॅलिफोर्नियात 2024 मध्येच बॅटऱ्यांची क्षमता 10,000 मेगावॅटच्या पुढे गेली.

उन्हाड:
त्यातल्या बहुतेक चार तासांच्या. मी पहाटेपर्यंतच्या विजेबद्दल बोलतोय. दुबईत 700 मेगावॅटचा प्रकल्प आहे, 15 तासांची साठवण, दर युनिटला 7.3 सेंट. तो काय हवेत चाललाय?

हिशेबनीस:
35 वर्षांचा करार आणि स्वस्त भांडवल, त्यावर चाललाय. असा करार मिळाला तर मीही मनोरा बांधीन.

रानवाटा:
सगळे डॉलर आणि अंश मोजताय, म्हणून एक मिठाचा खडा टाकते. तिथे कोणी राहतं याची आठवण आहे का? ही जागा वाळवंटी कासवांची. अंदाज केला होता त्यापेक्षा कितीतरी जास्त कासवं सापडली आणि 2011 मध्ये काही भागातलं काम थांबवावं लागलं. आरशांच्या झोतात सापडलेले पक्षी हवेतच पेटून धुराची रेघ ओढत पडतात. तिथल्या लोकांनी त्यांना 'स्ट्रीमर' हे नाव दिलंय. आणि एवढं करून सकाळी बॉयलर तापवायला नैसर्गिक वायू जाळतात, इतका की प्रकल्पाला कॅलिफोर्नियाच्या कार्बन-परवाना बाजारात (कार्बन सोडायचा तर परवाने घ्यावे लागतात तो) सामील व्हावं लागलं. हिरवी वीज म्हणे!

टर्बाइनवाला:
वायूचा मुद्दा बरोबर आहे आणि तो साठवण नसण्याशीच जोडलेला आहे. रात्रभर थंड पडलेला बॉयलर पहाटे उन्हावर तापायला वेळ लागतो. कासवांबाबत थोडं वेगळं मत. तिथे जमीन सरसकट सपाट केलेली नाही, खांब थेट जमिनीत ठोकून बरीचशी झुडपं कापून तशीच ठेवलीत. पॅनेलच्या कित्येक मैदानांत बुलडोझर फिरतो.

रानवाटा:
पॅनेलला वाळवंटच लागतं असं थोडंच आहे? छपरं आहेत, कालवे आहेत, पार्किंग आहे. आरशांना मात्र थेट ऊनच हवं. ढगाळ उजेडात पॅनेल थोडी तरी वीज देतं, आरसा शून्य.

झोपाळू:
इव्हानपाहची 2016 ची आग कोणी आठवली नाही? काही आरसे चुकीच्या कोनात फिरले आणि त्यांनी बॉयलरऐवजी मनोऱ्याचाच दुसरा भाग भाजून काढला. पाइप आणि तारा जळाल्या. लाखो आरशांना सतत तंतोतंत वळवत राहायचं, हे वाचूनच मला दमायला होतं.

टर्बाइनवाला:
एक मुद्दा राहिला. टर्बाइन म्हणजे फिरतं वजन. ग्रीडमध्ये अचानक गडबड झाली की हे वजन काही क्षण तोल सांभाळतं. पॅनेलमध्ये ते नाही.

हिशेबनीस:
फिरतं वजनच हवं असेल तर सिंक्रोनस कंडेन्सर (वीज न बनवता ग्रीडला जोडून नुसतं फिरणारं यंत्र) बसवा, त्याला आरसे लागत नाहीत. उन्हाड, मीठ भरायला जो पैसा लागेल तो आणणार कोण? आधीचं सरकारी हमीचं कर्ज पूर्ण फिटलेलं नाही. नव्या टाक्यांसाठी कुठली बँक उभी राहील ते सांगा, मग पुढे बोलू.

उन्हाड:
बँक नाही उभी राहणार, ठाऊक आहे. तरी मनोरे पाडण्याआधी रिसीव्हर बदलायच्या खर्चाचा एक प्रामाणिक अंदाज जाहीर व्हावा. पाडायचा खर्च आणि जमीन पूर्ववत करायचा खर्चही त्याच कागदावर मांडा. मग बघू कुठला आकडा मोठा निघतो.